सेंगाचा डावखुरा टाका

सेंगा हॅल्डेन सोळाव्या वर्षी जहाजं बांधायच्या यार्डात लागली, तेव्हा तिचं आडनाव अजून मलग्रू होतं. साल एकोणीसशे सत्तावन्न. शाळा सुटल्यावर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या मुलींना त्या काळी दोन दारं उघडी असत, एक शिलाई मशीनच्या कारखान्याचं आणि दुसरं जहाजांच्या यार्डाचं. कारखान्यात सेंगाची थोरली बहीण होती. घरातही तिचं ऐकायचं आणि कामावरही तिचंच ऐकायचं, हे सेंगाला झेपणारं नव्हतं. ती सरळ यार्डाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

तिथे तिला मिळालं शिवणकाम. बॉयलरच्या शेडवर एक लांबट माळा होता. त्यावर अकरा जणी बाकांवर बसून गाद्या शिवायच्या. या गाद्या माणसांसाठी नव्हत्या. जहाजाचे बॉयलर, वाफेचे नळ, झडपा यांना त्या गुंडाळायच्या, म्हणजे आतली वाफ गरम राहते आणि बाहेरचा खलाशी भाजत नाही. जाड राखाडी कापडाची पिशवी करायची, तिच्यात पांढरं पिंजलेलं भरण ठासायचं, तोंड शिवायचं आणि वर लाल दोऱ्याने नंबर घालायचा. कापड अ‍ॅस्बेस्टॉसचं, भरणही अ‍ॅस्बेस्टॉसचं. छपराच्या काचेतून ऊन आलं की सगळा माळा चमचमायचा. पहिल्या दिवशी घरी गेल्यावर सेंगा म्हणाली, "आई, आज दिवसभर बर्फ पडत होतं, आणि मला थंडीच वाजली नाही!"

आईने तिला घरात घेतलंच नाही. जिन्यातच उभं करून झाडूने झटकून काढलं.

खाली जहाजावर नळांना लेप देणारे पुरुष होते. ते संध्याकाळी डोक्यापासून बुटापर्यंत पांढरे होऊन निघत, म्हणून सगळं यार्ड त्यांना 'पांढरे उंदीर' म्हणायचं. ज्या ओल्या लगद्याचा लेप ते देत त्याचं नाव 'माकडाचं शेण'. जेवणाच्या सुट्टीत त्याचेच गोळे करून ते एकमेकांना मारत. माळ्यावरच्या पोरी जिना उतरताना दिसल्या की आरोळी उठायची, "आल्या बघा उंदरिणी!"

"आधी आंघोळ करा मेल्यांनो, मग बोला!" सेंगा जिन्यावरूनच उत्तर द्यायची.

सेंगा डावखुरी होती. त्या हातावर शाळेत तिने इतक्या पट्ट्या खाल्ल्या होत्या की माळ्यावर पहिल्यांदा दाभण हातात घेताना तिने भीतभीत मुकादमीणबाईंकडे पाहिलं. मिसेस पर्डी त्यांचं नाव. त्यांनी शिवण दोन्ही बाजूंनी ओढून बघितली.

"टाका घट्ट बसलाय. पायाने शिवलंस तरी माझी हरकत नाही. फक्त तोंड बंद ठेवून शिव."

तोंड बंद ठेवणंच कठीण होतं, कारण शेजारच्या बाकावर रीना कॉइल होती. रीना सेंगापेक्षा वर्षाने मोठी, चेहऱ्यावर साधुत्व आणि डोक्यात सगळी उचापत. त्या वर्षी नौदलाचं एक फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, बांधून होत आलं होतं. पाण्यात उतरेपर्यंत जहाजाला नाव नसतं, नंबर असतो. हे एकशे सोळा नंबरचं. त्याच्या मुख्य नळाची गादी सेंगाच्या मांडीवर होती, आणि रीना कानाशी लागली.

"नंबर घालतेयस तर नाव पण घाल की. कुणीतरी देखणा खलाशी वाचेल."

"वाचून काय करेल? बॉयलरला मिठी मारेल?"

"नाव घाल, गाव घाल, आणि बिनलग्नाची आहेस तेही घाल. नाहीतर बिचारा उगाच आशेवर राहायचा."

"बिनलग्नाची म्हटल्यावरच आशेवर राहील ना, येडे!"

पण पैज लागली, आणि पैजेला नाही म्हणणं सेंगाच्या स्वभावात नव्हतं. मिसेस पर्डी चहाला गेल्याची संधी साधून तिने गादीच्या वरच्या, थंड राहणाऱ्या बाजूच्या पट्टीवर, नंबराशेजारी, लाल दोऱ्याने शिवलं: 'सेंगा. क्लाइडबँक. बिनलग्नाची.' पट्टी अपुरी पडली म्हणून गावाच्या नावातलं एक अक्षर गाळावं लागलं. रीनाने त्यावरूनही तिला आठवडाभर छळलं. गादी जहाजावर गेली, जहाज समुद्रावर गेलं, आणि दोघी ते विसरून गेल्या.

सहा वर्षं सेंगा त्या माळ्यावर होती. मग क्रेन चालवणाऱ्या आर्ची हॅल्डेनशी तिचं लग्न झालं. लग्नाच्या जेवणात रीनाने ती पट्टीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली तेव्हा आर्ची म्हणाला, "म्हणजे अख्ख्या नौदलाने नको म्हटल्यावर माझा नंबर लागला तर!" पुढे सेंगा एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि बावीस वर्षं तिने पोरांना खिमा-बटाटे वाढले. तिला मूल झालं नाही. रीनाला मात्र आयोना झाली, आणि ही मुलगी दोन घरांत वाढली. रीनाकडे रागावली की सेंगामावशीकडे जेवायची, सेंगाकडे रागावली की उलट.

अठ्ठ्याऐंशी साली रीनाच्या छातीत पाणी झालं. आधी सगळ्यांना वाटलं न्यूमोनिया असेल. ग्लासगोच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुमचे यजमान यार्डात होते का? त्यांचे कपडे तुम्ही धूत होता?"

"तो पोस्टमन होता," रीना म्हणाली. "यार्डात मी होते."

फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होता तो, आणि तो त्या धुळीनेच होतो हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पंचवीस-तीस वर्षं तो आत दबा धरून बसतो. रीना सात महिने जगली. तिने दावा लावला, पण यार्ड तोवर बंद झालं होतं आणि कागदपत्रं कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. समोरच्या वकिलाचं म्हणणं असं की यार्डात गाद्या शिवणाऱ्या बायका होत्या याची एकही नोंद नाही. नोंद पुरुषांची आहे. गाद्या बाहेरून येत असतील. साक्षीला सेंगा गेली.

"कापडात नक्की काय होतं, हे सोळा वर्षांच्या मुलीला कसं ठाऊक असणार?" वकिलाने अगदी सौम्यपणे विचारलं.

जिच्या तोंडाला उभं गाव टरकायचं ती बाई रुमाल चुरगाळत गप्प बसून राहिली. दावा फेटाळला गेला, आणि पुढच्याच महिन्यात रीना गेली. ती गप्प बसण्याची वेळ सेंगाला पुढे कितीतरी वर्षं भांडी घासताना, बसची वाट बघताना मध्येच आठवायची, आणि तेव्हा द्यायला हवी होती ती दहा-दहा उत्तरं तिला आता सुचायची.

आयोना मात्र रडत बसली नाही. या धुळीने आजारी पडलेल्यांसाठी गावात एक सल्लाकेंद्र निघालं होतं, त्यात तिने काम धरलं. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये चहा असायचा. जुने लेप देणारे, प्लेटा जोडणारे, रंगारी असे सगळे दम लागलेले म्हातारे जमायचे. आर्ची हृदयविकाराने गेल्यावर सेंगाही तिथे जाऊ लागली, आधी चहा वाढायला. दोन हजार तीन साली जिना चढताना तिलाच धाप लागू लागली तेव्हा आयोनाने तिला जवळजवळ ओढतच एक्स-रे काढायला नेलं.

"फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे आहेत," डॉक्टर फोटो दाखवत म्हणाल्या. "धुळीच्याच खुणा आहेत या. पण मिसेस हॅल्डेन, हा कॅन्सर नाही. वर्षातून एकदा येत जा, आणि रोज चाला."

"चालायला दम लागतो म्हणूनच तर आले ना तुमच्याकडे!"

"मग थांबत थांबत चाला."

हे मात्र सेंगाने मनावर घेतलं. ती रोज कालव्याच्या काठाने चालायची, तिसऱ्या बाकावर बसायची, बदकांना दोन शिव्या घालायची आणि परत फिरायची.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, आयोना गावचं साप्ताहिक हातात घेऊन हॉलमध्ये आली. तिचा चेहरा असा होता की रडतेय की हसतेय ते कळेना.

"मावशी, तू बस आधी."

"बसलेलीच आहे. काय झालं?"

आयोनाने वाचून दाखवलं. इंग्लंडच्या पार दक्षिण टोकाला, प्लिमथला राहणाऱ्या मोरवेना ट्रेगेन्झा नावाच्या बाईने जाहिरात दिली होती. तिचे वडील विल्फ नौदलात स्टोकर, म्हणजे बॉयलर पेटता ठेवणारे, होते. एकोणसाठ साली माल्टाच्या गोदीत त्यांच्या जहाजाची दुरुस्ती चालू असताना बॉयलरच्या खोलीतली एक फाटकी गादी काढली, तिच्या पट्टीवर लाल दोऱ्याने काही शिवलेलं होतं. त्यांनी ती पट्टी कापून तंबाखूच्या डबीत ठेवली. आता ते आजारी आहेत आणि ती शिवणारी बाई हयात असेल तर तिची त्यांना फार गरज आहे. खाली पट्टीवरचे शब्द दिले होते. गावाच्या नावातलं अक्षर गाळून.

मग टॅम बिगर्ट नावाचा एक जुना पांढरा उंदीर चहाच्या कपातून तोंड काढून म्हणाला, "बिनलग्नाची?"

"गप रे!" सेंगा लाजून लाल झाली होती.

"नाही, पेपरात आलंय म्हणून विचारतो. जागा अजून रिकामी आहे का?"

"तुझ्यासाठी नाही!"

त्या आठवड्यात गावातल्या आणखी चार सेंगांना फोन आले. एक तर चौऱ्याण्णव वर्षांची होती, आणि आपणच ती असं तिचं ठाम म्हणणं होतं. पण पुढच्या रविवारी प्लिमथचा फोन लावला तो खऱ्या सेंगाने. पलीकडून आधी खोकला आला, मग एक खोल, संथ आवाज.

"तुम्हीच का सेंगा?"

"हो."

"मग झालं का लग्न?"

सेंगाला इतकं हसू आलं की तिला दम लागला. त्यालाही हसू आलं, त्यालाही दम लागला. फोनवर बराच वेळ दोन माणसांच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या. त्यानंतरही गाडी पुढे सरकेना, कारण त्याची दक्षिणेची हेल काढून बोलायची लकब हिला कळेना आणि हिची क्लाइडबँकची फटकळ बोली त्याला कळेना. शेवटी दोघांनी फोन बाजूला बसलेल्या पोरींच्या हातात दिले, आणि मोरवेनाने आयोनाला सगळं सांगितलं.

विल्फच्या दोन्ही फुप्फुसांना आतून घट्टे पडले होते. बारा वर्षं तो बॉयलरच्या खोल्यांमध्ये राबला होता, पण आजारपणाच्या भरपाईचा त्याचा अर्ज पेन्शनच्या कार्यालयाने नाकारला होता. त्या जहाजाच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉस होतं याचा पुरावा नाही, दुरुस्तीचे कागद सापडत नाहीत, आणि गृहस्थ सिगरेटही ओढायचे. अपिलाची सुनावणी नोव्हेंबरात होती. पट्टी प्रयोगशाळेत तपासून झाली होती. तिथल्या माणसाने ती डबी बघून कपाळाला हात लावला होता आणि पट्टी जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद केली होती. कापड अ‍ॅस्बेस्टॉसचंच निघालं. पण हे कापड नक्की त्याच जहाजावरचं, हे कोण सांगणार?

"मावशी, जाशील?" आयोनाने विचारलं. तिला आईच्या वेळची साक्ष आठवत होती. तेव्हा ती मागच्या बाकावर बसली होती.

"माझं तोंड परत शिवलं गेलं तर?"

"तर मी बाजूला असेन."

"तू बाजूला असून काय करणार?"

"चिमटा काढेन."

सेंगा जन्मात उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या खाली गेली नव्हती. आयोनाबरोबर ती दिवसभर आगगाडीत बसली, घरून आणलेले सँडविच सरहद्दीवरचं कार्लाइल यायच्या आत संपवले, आणि समुद्र रुळांना अगदी खेटून आला तेव्हा खिडकीला नाक लावून बसली. प्लिमथच्या फलाटावर चाकाच्या खुर्चीत एक रुंद खांद्यांचा माणूस होता, नाकात ऑक्सिजनची नळी, कोटावर पदकं. ती पुढे आली तसा तो उठून उभा राहिला. मोरवेना ओरडत होती, "बाबा, बसा! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" पण तो बसला नाही.

"चव्वेचाळीस वर्षं तुमचं नाव माझ्याकडे होतं," तो म्हणाला. हे मात्र सेंगाला नीट कळलं.

"आणि तुमच्या छातीत माझी धूळ," ती म्हणाली. गाडीत ती हेच घोकत आली होती. "मला माफ करा. मला ठाऊक नव्हतं हो."

"अहो, तुम्ही शिवलीत म्हणून माझे हात भाजले नाहीत. ठाऊक ज्यांना होतं त्यांनी माफी मागावी. चला, घरी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी गरम आहेत."

दुसऱ्या दिवशी सुनावणी एका साध्या खोलीत होती. तिघं जण बसले होते: पिकल्या केसांचे अध्यक्ष, एक डॉक्टर आणि नौदलातून निवृत्त झालेली एक बाई. कार्यालयाच्या बाजूने तरुण वकील होता. सेंगाचं बोलणं अध्यक्षांना दोनदा परत विचारावं लागलं, तेव्हा ती म्हणाली, "मी सावकाश बोलते, तुम्ही जोरात ऐका." निवृत्त बाईंनी हसू लपवण्यासाठी पाण्याचा पेला उचलला.

मग सेंगा बोलत गेली. माळा कुठे होता, जिना कुठल्या बाजूला, गोण्यांवर काय छापलेलं असायचं, भरण कसं ठासायचं, नंबर कसा घालायचा. पट्टीच्या कडेला लाल दोऱ्याचे एक, एक आणि सहा हे आकडे अजून दिसत होते. एकशे सोळा म्हणजे कुठलं जहाज, हे यार्डाच्या जहाजांच्या छापील यादीत होतंच. ती पानं आयोनाने आणली होती.

वकील उठला. तोही सौम्यच होता.

"मिसेस हॅल्डेन, तुमच्या स्मरणशक्तीचं कौतुक आहे. पण सेंगा हे नाव तुमच्याकडे अनेकींचं असतं. हे तुम्हीच शिवलंत असं कशावरून?"

पंधरा वर्षांपूर्वीची ती खोली डोळ्यांसमोर आली, हातातला रुमाल आपोआप चुरगाळला जाऊ लागला. आयोनाचा हात तिच्या दंडाकडे निघाला होता. पण त्याआधी सेंगाची नजर समोरच्या पारदर्शक पिशवीतल्या पट्टीवर गेली, आणि आपल्याच टाक्यांकडे बघता बघता ती एकदम म्हणाली, "सुई-दोरा आहे का कुणाकडे?"

खोलीत चुळबुळ झाली. सुई-दोरा निघाला निवृत्त बाईंच्या पर्समधून, हॉटेलात मिळते तसली छोटी पुडी. दोरा लाल नव्हता, निळा होता. सेंगाला चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा त्या बाई स्वतः उठून आल्या आणि त्यांनी दोरा ओवून दिला.

सेंगाने रुमाल टेबलावर पसरला आणि डाव्या हाताने शिवायला सुरुवात केली. फक्त स्वतःचं नाव. दहा मिनिटं लागली. शिवून झाल्यावर तिने रुमाल पट्टीशेजारी ठेवला.

"उजव्या हाताने शिवणाऱ्यांचा टाका असा कलतो," तिने बोटाने हवेत दाखवलं. "माझा उलटा कलतो. शाळेत यासाठी मार खाल्लाय मी. माळ्यावर आम्ही अकरा जणी होतो, त्यात डावखुरी मी एकटी."

डॉक्टर, अध्यक्ष, बाई तिघांची डोकी रुमालावर झुकली. टाके आता वेडेवाकडे पडले होते, म्हाताऱ्या हाताचे दिसत होते, पण कल तोच होता.

"आणि त्या बाकीच्या दहा जणी?" अध्यक्षांनी विचारलं. "त्यांची नावं आठवतात?"

कार्यालयाच्या वकिलाने याला हरकत घेतली नाही. सेंगाने बाकांच्या क्रमाने एकेक नाव सांगितलं. रीना कॉइलचं नाव आलं तेव्हा ती थांबली, आणि मग म्हणाली, "ही माझ्या डाव्या हाताला बसायची. ही याच धुळीने गेली. तुमच्यासारख्याच एका माणसाने तेव्हा मला विचारलं होतं की कापडात काय होतं हे तुला काय ठाऊक. तेव्हा मला बोलता आलं नाही. आज बोलते. हे होतं." आणि तिने पिशवीवर बोट ठेवलं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. विल्फचं अपील मंजूर झालं. मोरवेनाने फोनवर तो वाचून दाखवला. त्यात एक परिच्छेद असा होता की सदर यार्डात अ‍ॅस्बेस्टॉसच्या गाद्या हाताने शिवणाऱ्या अकरा स्त्रिया होत्या हे मंडळ मान्य करत आहे, आणि पुढे अकराही नावं. आयोनाने तो परिच्छेद परत वाचायला लावला. आईच्या नावापाशी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. सेंगा तिच्यामागे गेली नाही. तिने किटली चढवली.

रीनाचा दावा परत उघडला नाही, कायद्याने ते दार कधीच लागलं होतं. पण त्या अकरा नावांनी वेगळंच काम सुरू केलं. आयोना म्हणाली, "मावशी, या बायकांना कुणी कधी तपासलंय का? सगळे पुरुषांनाच शोधत बसले." मग दोघी शोधाला लागल्या. रीनाखेरीज तीन जणी वारल्या होत्या, एक ऑस्ट्रेलियात सापडली, एकीचा पत्ता बिंगोच्या क्लबात लागला. सगळ्यांत अवघड गेली बेसी मेअर. ती शेजारच्या गावात एकटी राहायची, आणि दार किलकिलं करून तिने आधी विचारलं, "काही विकायला आलात?"

"अगं बेसी, मी सेंगा! माळ्यावरची!"

"कुठली सेंगा? ती तोंडाळ?"

"तीच."

"मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलात गेलेली माणसं आजारी पडतात."

सेंगाने तिच्याशी वाद घातला नाही. ती तिच्या सोफ्यावर बसली, तिने केलेली साखर-दुधाची वडी खाल्ली, रीनाच्या गोष्टी सांगून तिला हसवलं, आणि तिसऱ्या खेपेला तिच्या अंगावर कोट चढवूनच बाहेर काढलं. तपासणीत बेसीच्या उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली. इतकी लहान की तिला पत्ताही नव्हता. धूळ आणि सिगरेट दोन्हींचा प्रताप, पण वेळेवर सापडली. सर्जनने तेवढा भाग काढून टाकला. शुद्धीवर आल्यावर बेसी पहिलं वाक्य बोलली ते सेंगाला उद्देशून, "तुझ्यामुळे माझा बोलिंगचा सामना बुडाला."

पुढच्या मे महिन्यात आयोनाने लार्ग्सला समुद्रकाठी सहल काढली. माळ्यावरच्या हयात सात जणींपैकी पाच आल्या. विल्फ आणि मोरवेनाही इतक्या लांबून आले. विल्फचा ऑक्सिजन बरोबर होता आणि पेन्शनच्या कार्यालयावर टाकायचे टोमणेही. टॅम बिगर्टला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो बसमध्ये सगळ्यांत आधी बसलेला होता.

"खलाशीबुवा," त्याने विल्फला गाठून विचारलं, "खरं सांगा. त्या वेळी हिला शोधायला का नाही आलात?"

"माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. आणि होणारी बायको माझ्यापेक्षा अंगापिंडाने थोराड होती."

"म्हणून पट्टी डबीत लपवलीत?"

"लपवली कुठे? तिनेच डबी दिली. म्हणाली, जपून ठेव, बिचारीचं लग्न जमलं नाही तर माझ्या भावाचं बघू."

सेंगा हसता हसता कठड्याला धरून उभी राहिली. आइस्क्रीमच्या दुकानापासून धक्क्याच्या टोकापर्यंत सगळ्यांनी चालत जायचं आणि तिथून बोटीने समोरच्या बेटावर जायचं ठरलं. वाटेत सहा बाक होते. पहिल्या बाकावर विल्फ बसला, दुसऱ्यावर टॅम, मग सगळेच थोडं थोडं बसत, उठत, एकमेकांना नावं ठेवत पुढे सरकत होते. बेटावर जाणारी बोट भोंगा देत धक्क्याला लागत होती. बेसीने तिकिटाच्या खिडकीवर केव्हाच नंबर लावला होता आणि तिथूनच ती हात हलवून ओरडत होती, "चला गं लवकर! मी काय तुमच्यासाठी बोट थांबवून धरू?"